दाजी, माझी अक्षरं जागेवर आहेत

यंदाचं साल दोन हजार पंचवीस. तुम्हाला सत्तरावं लागलं होतं आणि मला चौऱ्याहत्तर. म्हणजे जायचा नंबर माझा होता, दाजी. रांगेत मी पुढं होतो. तुम्ही बाजूनं येऊन घुसलात. आयुष्यभर कचेरीच्या खिडकीमागं बसून लोकांना "रांगेत या, रांगेत या" म्हणणारा माणूस, आणि स्वतःची वेळ आल्यावर हे केलंत.

परवा तुमच्या दिवसाला माणसं जमली. कुणी म्हणलं प्रामाणिक होते, कुणी म्हणलं शिस्तीचे होते. मग कुणीतरी म्हणलं, आता पेंटर दोन शब्द बोलतील. मी उभा राहिलो, माईक तोंडाजवळ घेतला आणि परत खाली बसलो. लोकांना वाटलं गहिवरून आलं. तसं नव्हतं. माझ्या तोंडात आलेले दोन शब्द तिथं म्हणण्यासारखे नव्हते. माझ्या तोंडात आलं होतं, "बरं झालं."

मेहुण्याच्या दिवसाला उभं राहून बरं झालं म्हणणारा माणूस लोकांना कसा समजावा? शांता माझी सख्खी बहीण, पण तिलाही कसं समजावं? म्हणून लिहितो. माझी शाळा दुसरीपर्यंत. पण अक्षर कसं होतं ते तुम्हाला ठाऊक. आता हात थरथरतो, ओळी वरखाली जातील. जाऊ द्या.

बरं झालं ते तुम्ही गेलात म्हणून नव्हे. तुम्ही माझ्याशी बोलता बोलता गेलात म्हणून. गेल्या दसऱ्यापासून गुढीपाडवा जवळ येईपर्यंत आपला अबोला होता. तेवढे दिवस माझ्या जिवाला एकच घोर होता. आपल्यातला एक जण तोंड फिरवलेल्या हालतीतच उचलावा लागतो की काय. तसं झालं नाही. त्यासाठी मी तुळजापूरला जाऊन नारळ फोडून आलोय. शांतेला अजून सांगितलं नाही.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून थोडं मागनं सांगतो.

मी ईटहून भूमला आलो ते ब्रश घेऊन. ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप, पिठाच्या गिरणीची पाटी, देवळाची कमान, सगळ्यावर माझं अक्षर. पुढं हात हलायला लागला. तेव्हा तुम्हीच मला रेडियमच्या धंद्यात आणलं. कॉम्प्युटर आला, रेडियम कापायचं कटर मशीन आलं. मी कागदावर काढलेली अक्षरं, काने-मात्रे, आकडे, तुम्ही सुट्टीच्या दिवशी येऊन एकेक कॉम्प्युटरमध्ये घातलीत. हात बिघडायच्या आधी काढलेली अक्षरं होती ती. कटर त्याच अक्षरानं कापायचा. लोक म्हणायचे, मशीनचं काम. पण रस्त्यानं पुढं एखादा ट्रॅक्टर चालला असला तर मागनं बघून मी सांगायचो, हा माझा. कागद पुढं वाळवीनं खाल्ले. मला वाईट वाटलं नाही. म्हणलं, मशीनच्या आत आहेत की.

आत म्हणजे विंडोजमध्ये. कटिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, दुसऱ्या कशावर चालत नाही.

तुमचं लिनक्सचं वेड निवृत्तीनंतरचं. दुसरी माणसं निवृत्त झाली की देवाला जातात. तुम्ही गळ्यात काळ्या दोऱ्यात पेनड्राइव्ह ओवून फिरायला लागलात. ज्याच्या घरी चहा प्याल त्याच्या कॉम्प्युटरवर तुमचा डोळा. शांता म्हणायची, "ह्यास्नी संक्रांतीला हळदीकुंकवाला बसवलं तर वाण म्हणून लिनक्स वाटतील."

तुम्ही सास्तूरचे. भूकंपात घर गेल्यावर नवं बांधताना तुम्ही रजा काढून गवंड्याच्या हाताखाली उभे राहिलात. कुठल्या भिंतीत किती लोखंड हे तुम्हाला पाठ. तेव्हापासून तुमचं एकच पालुपद. "पेंटर, ज्या घराची भिंत उघडून बघता येत न्हाय त्या घरात मला झोप लागत न्हाय. लिनक्स उघडून बघता येतं."

मी विचारायचो, "तुम्ही बघितलंत का उघडून?"

"न्हाय. पण बघता येतं न्हवं?"

यावर मी लई हसायचो. आजही हसू येतं.

मग माझ्या कॉम्प्युटरवर ती पाटी यायला लागली, की या विंडोजचे दिवस भरत आलेत, आणि नवं विंडोज या मशीनवर चढायचं नाही. मी म्हणलं, नवं मशीन घ्यावं लागतंय वाटतं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात.

"मशीनला काय धाड भरलीय? लिनक्स टाकू."

"त्याच्यात माझा कटर चालंल?"

तुम्ही चहाचा कप उचललात. कारकून मधेच चहा प्यायला लागला की उत्तर 'नाही' असतं, एवढं मला कचेरीत खेटे घालून कळलेलं आहे.

"चालवू की."

"चालवू न्हाय, दाजी. चालतंय का?"

"सॉफ्टवेअर न्हाय चालत. पण दोन्ही ठेवू. अर्ध्यात विंडोज, अर्ध्यात लिनक्स. कटिंग जुन्यात करा, बाकी सगळं नव्यात."

"म्हणजे एका घरात दोन चुली."

"तुमच्या आमच्यात कुठं नव्हत्या? नांदले की सगळे."

मी हो म्हणलं. तुमच्या तोंडाकडं बघून म्हणलं, लिनक्सकडं बघून नाही.

आणि तुम्ही मुहूर्त काढलात तो खंडेनवमीचा. सकाळीच येऊन मशीनवर बसलात. विंडोजची जागा आवळायची आणि लिनक्सला जागा करायची, असं ते काम. मी म्हणलं, "आज कशाला? आज हत्यारं पूजेला बसतेत."

"तासाभराचं काम हाय. मी फराळ करून येतो. तवर हात लावू नका."

तुम्ही साबुदाणा खायला घरी गेलात. मी ब्रश धुतले. कात्री, पट्टी, कटरची पाती पाटावर मांडली. कटरला आणि कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मशीन आपलं घुं घुं चालूच. दिवा लुकलुकतोय. खंडेनवमीला पूजेला बसलेलं हत्यार चालू ठेवत नाहीत, ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उचलायचं, ही आमच्या घरातली रीत. सुतार करवत ओढता ओढता तिला फूल वाहतो का? मी हात जोडले आणि भिंतीतलं बटण बंद केलं.

हे मी बरोबर केलं. तुम्ही वर गेलात म्हणून माझं मत बदललेलं नाही. नवमीला काम काढायचंच नव्हतं.

तुम्ही परत आलात तेव्हा पडदा काळा आणि कीबोर्डवर झेंडू.

"पेंटर, काय केलंत?"

"पूजा."

"बंद केलंत?"

"मग? चालत्या मशीनला आरती दावू?"

तुम्ही चालू करायला हात पुढं केलात, मी मनगट धरलं. म्हणलं, आता उद्या. तुम्ही दिवसभर त्या मशीनसमोर बसून राहिलात. आत कुणी आजारी आहे आणि डॉक्टर भेटू देत नाही, असा तुमचा चेहरा.

दसऱ्याच्या सकाळी दुकानापुढं नव्या गाड्यांची ही गर्दी. नंबराची कामं सरकारी प्लेटा आल्यापासून कमी झाली, पण नाव टाकल्याशिवाय आपल्याकडं कुणाची गाडी घरी जात नाही. तुम्ही मशीन चालू केलं. पेनड्राइव्हवरनं लिनक्स आलं, निळं निळं छान आलं. विंडोज आलं नाही, अर्ध्यात तुटलं ते तुटलंच. त्याच्या पोटात सॉफ्टवेअर, आणि सॉफ्टवेअरच्या पोटात माझी अक्षरं. तुम्ही बटणं दाबत होतात आणि तुमच्या मानेवरनं घाम चालला होता.

एक जीपवाला मागच्या काचेवर नाव टाकायला आलेला. काचेचं काम आम्ही उलटं कापतो आणि आतल्या बाजूनं लावतो. म्हणजे गाडी धुतली तरी निघत नाही आणि बाहेरच्याला सरळ वाचता येतं. तो म्हणाला, "पेंटर, मुहूर्त टळतोय." त्याच्या मागचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आवं, ब्रशनं टाका की! तुम्हास्नी काय मशीन पायजे?"

मी ब्रश उचलला. सगळ्यांसमोर तो हलला. मी ब्रश खाली ठेवला.

तेव्हा तुम्ही म्हणालात, हळू म्हणालात, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "अडाणी माणसाच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं."

दाजी, तुम्ही मला एकांतात काहीही म्हणा. मेहुण्या-दाजींत काय चालत नाही? पण हार घातलेल्या गाड्यांसमोर, ज्यांच्या बापाच्या बैलगाडीवर मी नाव टाकलंय त्यांच्यासमोर? मी म्हणलं, "शिकलेले तुम्ही. मग शिकलेल्या हातानं माझ्यासारखं एक अक्षर काढून दाखवा. काढलंत की मग माझ्याशी बोला."

तुम्ही चपला घातल्या आणि गेलात. गाड्या दुसऱ्या दुकानाकडं गेल्या.

पुढं मी बाजारातल्या एका माणसाकडनं परत विंडोज टाकून घेतलं. कटिंगचं सॉफ्टवेअर आलं. त्याची ती बोटाएवढी परवान्याची खुट्टी मशीनला लावली की ते चालतं, तसं चाललं. पण त्याच्यात जी अक्षरं होती ती बाजारातली. सोलापूरच्या दुकानातही तीच, बार्शीच्याही तीच. कटर तोच, रेडियम तेच, आणि ट्रॅक्टर निघून चालला की मला वाटायचं, हा कुणाचा?

भाऊबीजेला मी तुमच्या घरी आलो. बहिणीकडं यायला मला तुमची परवानगी लागत नाही. तुम्ही खुर्चीत, मी पाटावर, मधे शांता ताट घेऊन. तुम्हाला आठवतं का काय बोललो आपण?

मी म्हणलं, "शांते, तुझ्या मालकाला सांग, पंखा कमी करा. निरांजन विझतंय."

तुम्ही म्हणालात, "शांता, तुझ्या भावाला म्हणावं, पंखा बंद करायला त्यांचा हात चांगला चालतो. बटण बंद करण्यात पटाईत हायत."

"शांते, सांग त्यास्नी, नवमीला काम काढणाऱ्याच्या घरचा पंखा बंदच बरा."

शांतेनं ताट खाली ठेवलं. "मी काय टेलिफोनची तार हाय व्हय? दोन म्हातारे आणि एका मशीनवरनं भांडतेत. मशीन फेकून द्या आणि बोला एकमेकांशी!"

मशीन काही कुणी फेकलं नाही. लाडू मात्र दोघांनीही दोन दोन खाल्ले.

त्यानंतर थोड्या दिवसांनी ईटचा एक ट्रॉलीवाला दुकानात आला. म्हणाला, "पेंटर, तुमचे दाजी आले हुते. ट्रॉलीचा मागचा फळा पाणी मारून पुसला आणि मोबाईलवर फोटो काढला."

"कशाला?"

"काय की. 'भ' लई चांगला हाय म्हणले."

मग गिरणीवाला आला, तेच. मग एका गावचा पुजारी भेटला, तेच. दाजी शिडी लावून कमानीवर चढले होते म्हणे. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, माझी अक्षरं गोळा करून हा माणूस दुसऱ्या रेडियमवाल्याला देतोय. मी शांतेला फोन केला. "तुझ्या मालकाला सांग, माझी अक्षरं दुसऱ्याच्या दुकानात दिसली तर भूममधे राहणं मुश्कील करीन."

ती म्हणाली, "दादा, तू घरी ये आणि तूच सांग."

"मी न्हाय येणार."

"मग नको येऊ," म्हणाली आणि फोन ठेवला. तिला सगळं माहीत होतं. तुम्ही तिला शपथ घातली होती.

माघात तुमच्या छातीत कळ आली. तुम्हाला सोलापूरला नेलं. मी पहिल्या एसटीनं आलो. दवाखान्याच्या खाली चहाच्या गाड्याजवळ बसून राहिलो. वर आलो नाही. तुम्हीच बोलावणं पाठवायला पाहिजे होतं, असं माझं म्हणणं. आणि तिथं त्या बाकड्यावर बसून मी देवीला म्हणत होतो, एवढ्या वेळी नको. एवढ्या वेळी नेऊ नको, अजून बोलणं झालेलं नाही. दुपारी शांता खाली आली, म्हणाली धोका टळला. मी एसटी धरली आणि परत आलो.

तुम्ही नंतर सांगितलंत. वरच्या खिडकीतनं तुम्हाला माझा फेटा दिसत होता. नर्सनं तुमच्या गळ्यातला पेनड्राइव्ह बघून विचारलं होतं, "काका, हा कसला ताईत?" आणि तुम्ही म्हणालात, "खाली फेटा बांधून बसलाय न्हवं, त्याचं भूत उतरवायचं हाय."

पाडव्याच्या चार-सहा दिवस आधी तुम्ही दुकानात आलात. शांतेच्या खांद्यावर हात ठेवून, दम लागलेले. डॉक्टरनं जिना चढू नका म्हणलेलं, दुकानाला तीनच पायऱ्या, तरी मधे थांबलात. माझ्याकडं बघितलं नाही. मशीनसमोर बसलात.

"शांता, तुझ्या भावाला सांग, त्यांच्या विंडोजला हात लावत न्हाय. घरात शिरत न्हाय, वसरीत बसतो."

मी म्हणलं, "शांते, सांग त्यास्नी, बसा. दम खा आधी."

तुम्ही गळ्यातला पेनड्राइव्ह काढला, मशीनला लावला. लिनक्स त्याच्यावरनंच चालू झालं. तुम्ही चष्मा पुसला. काहीतरी टाईप केलं, मला पाठ आडवी येत होती. मग कटरची वायर तुम्ही विंडोजला न विचारता सरळ लिनक्सलाच बोलायला लावली. रोलवर लाल रेडियम होतं. कटर थोडा अडला, परत मागं गेला आणि मग पाती चालायला लागली. त्या आवाजावरनं मला कळतं काय कापलं जातंय. गोल आला, काना आला, वेलांटी आली. गाठ वळवताना पाती जरा थांबली. माझ्या गाठीला ती थांबते. बाजारातल्या अक्षराला थांबत नाही.

मी स्टुलावरनं उठलो.

रेडियम बाहेर आलं. मी वाकून बघितलं आणि सवयीनं तोंडातनं गेलं, "मिरर झालंय, दाजी."

शांतेनं तोंडाला पदर लावला. तुम्ही मांडीवर थाप मारलीत आणि हसायला लागलात, ते खोकला लागेपर्यंत. तुम्ही कापायला लावलं होतं, "बोला की आता." आणि ते उलटं आलं होतं.

मी ते हातात घेतलं. उजेडाला धरून मागच्या बाजूनं वाचलं. ब माझा. ल माझा. वेलांटीचा घोडा, म्हणजे वरची कमान, जसा मी पाठीवर जरा जास्त वाकवतो तसाच वाकवलेला.

"कुठनं आणली?"

"ब गिरणीवरचा. ल कमानीवरचा. वेलांटी त्या ईटच्या ट्रॉलीची. सगळं हाय, ज्ञ सुद्धा हाय. ज्ञ साठी तर परांड्याच्या बाजूला जावं लागलं. तुम्ही ज्ञ लई कमी लिहिलाय."

"माझ्या हातचा न्हाय का मग?"

"सगळा तुमच्याच हातचा. फोटोवरनं एकेक गिरवलाय लिनक्समधे." मग तुम्ही माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलंत. "तुम्ही म्हणलात ना, एक अक्षर काढून दाखवा. बसलो हुतो काढायला. न्हाय आलं काढता. मग गोळा केली."

दाजी, तेव्हा मी काय म्हणायला पाहिजे होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी काय म्हणलं ते मात्र तुम्हाला माहीत आहे. सगळी अक्षरं पडद्यावर नीट बघितली आणि म्हणलं, "ळ चुकलाय."

"कुठं चुकलाय?"

"शेपूट आखूड हाय."

"फोटोत तसाच हाय."

"फोटोत रंग उडालाय. माझा ळ असा न्हाय."

"मग काढून दाखवा तुमचा ळ."

मी हात पुढं केला, तुम्ही त्याच्याकडं बघितलंत, आणि आपण दोघं परत हसलो. शांता म्हणाली, "लागली का परत भांडणं! चहा सांगते."

ते उलटं रेडियम तुम्ही चुरगाळून टाकायला निघालात. मी हातातनं काढून घेतलं आणि कॅलेंडरच्या गुंडाळीत ठेवून दिलं.

पुढचे महिने चांगले गेले. उलटं येण्याचं तुम्ही दुसऱ्याच दिवशी मिटवलंत. पण बारीक अक्षराचे कोपरे फाटायला लागले. मोठं नाव लिनक्सवरनं चांगलं कापायचं, बारीक काम बिघडायचं. मग तुम्ही हरल्यासारखं तोंड करून नवी मांडणी केलीत. सगळं मशीन लिनक्सचं, आणि त्याच्यातच एका चौकटीत विंडोज. खिडकीतनं दिसल्यासारखं. ते चालू करायचं, खुट्टी त्याच्या हवाली करायची, कटिंग करून घ्यायचं आणि बंद करायचं. खंडेनवमी असो, दिवाळी असो, ते आतल्या आत बंद होतं, बाहेरच्याला धक्का लागत नाही.

तुम्ही त्याला भाडेकरू म्हणायचात. "बारीक कामापुरता ठेवलाय. हक्क सांगायला लागला की काढायचा."

मी म्हणायचो, "राहू द्या, गरीब हाय. काम करतोय."

"तुम्हाला त्याचाच पुळका. बघा, पुढच्या दसऱ्यापर्यंत बारीक अक्षरं पण लिनक्सवरनं कापून दावतो. मग हा भाडेकरू बाहेर."

"दसऱ्याला दावा. खंडेनवमीला न्हाय."

रोज सकाळी हेच. तुम्ही वायरी बघायचात, मी रेडियम सोलायचो. गिऱ्हाईक आलं की तुम्ही त्याला लिनक्स समजावून सांगायला लागायचात, आणि तो माझ्याकडं बघून डोळ्यानंच विचारायचा, सुटका कधी? मी मान खाली घालायचो. रस्त्यानं माझ्या अक्षराचे ट्रॅक्टर परत दिसायला लागले होते. तेव्हा मी तुम्हाला काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. आपल्यात आभार मानत नाहीत. मेहुण्याचे तर नाहीच नाही. मानले असते तर तुम्हीच म्हणाला असतात, पेंटर, ताप आलाय का?

पोळा झाला आणि त्या आठवड्यात गेलात. दुपारी मी तुमच्या ओसरीवर बसलो होतो. भाडेकरूचंच चाललं होतं. तुम्ही म्हणालात, नवीन काहीतरी सापडलंय, कोपरे फाटायचे थांबतील. मी म्हणलं, बघू. तुम्ही म्हणालात, बघू काय बघू, तुम्ही मेल्याशिवाय हो म्हणायचे न्हाईत. मग आत बघून "शांता, चहा टाक गं," म्हणालात आणि डोकं भिंतीला टेकवलंत. मला वाटलं, डोळा लागला. मी माझं म्हणणं पुढं चालूच ठेवलं. शांता चहा घेऊन आली तेव्हाही मी भाडेकरूची बाजू मांडत होतो.

म्हणून म्हणतो, बरं झालं. कळ नाही, तडफड नाही, सोलापूर नाही. आणि कानात शेवटचं जे गेलं ते माझं भांडण. अबोला नाही गेला. माघात गेला असतात तर मला त्या चहाच्या गाड्याजवळच्या बाकड्यावरनं उठता आलं नसतं. आता उठता येतं. छातीवरचं ओझं उतरलंय, दाजी, खोटं कशाला बोलू. रडायला येतं आणि रडून झाल्यावर भूक लागते.

ळ मी तसाच ठेवलाय. बाजारातनं माणूस आणून शेपूट लांब करता आलं असतं. आता जिल्ह्यात जेवढे ळ फिरतील ते तुमच्या शेपटीचे फिरतील. लोकांना कळणार नाही. मला मागनं बघून कळेल, आधीचा माझा, नंतरचा आपल्या दोघांचा.

स्मशानातलं सगळं आटोपून घरी आल्यावर शांतेनं तो काळा दोरा माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "दादा, हे त्यांनी तुला द्यायला सांगितलं नव्हतं. पण मी काय करू ह्याचं?" मी गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. समोरचा पानवाला म्हणाला, "पेंटर, आज?" मी आत गेलो. कॅलेंडरच्या गुंडाळीतनं ते लाल रेडियम काढलं. कापलेलं होतं, सोललेलं नव्हतं. सुई घेऊन बसलो आणि अक्षराच्या भोवतीचं नको तेवढं सोलून काढलं. हात हलत होता, म्हणून उन्हं पायरीवर येईपर्यंत वेळ लागला, पण एकही काना तुटू दिला नाही. दुकानाच्या दाराची काच ओल्या फडक्यानं पुसली. मग दार लावून घेतलं आणि आतल्या बाजूनं, उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला ते चिकटवलं, अंगठ्यानं एकेक अक्षर दाबत.

बाहेर आलो. रस्ता ओलांडला, पानवाल्याजवळ उभा राहिलो आणि मागं वळून बघितलं.

सरळ वाचता येत होतं.